गेअरची सायकल

किशोरने पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली. हँडलच्या मुळाशी टक टक वाजलं. पुढचं चाक धरणारा चिमटा ढिला झाला होता, आणि थोडाथोडका नाही. बोट लावलं तरी खेळ जाणवत होता.

"वर्षाची नाई झाली सायकल अन् खुळखुळा करून टाकला तुमी, काका."

"मले काय समजते त्यातलं? मी चालवतो, थे वाजते," म्हणत नत्थुजी टपरीसमोरच्या बाकावर बसले.

नांदगाव खंडेश्वरच्या बसस्टँडजवळची ही सायकल-दुरुस्तीची टपरी किशोरने काही हौसेने टाकली नव्हती. घरी वावर होतं, पण वावरातून काही उरत नव्हतं, आणि यंदा तर बोंडअळीने पऱ्हाटीचं एक बोंड धड ठेवलं नव्हतं. नत्थुजींचं वावर त्याच्याच धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. नवा मोठा रस्ता आला तो नत्थुजींचं सगळं वावर घेऊन गेला, आणि मोजणीवाल्यांनी शेवटचा दगड रोवला तो नेमका धुऱ्यावर; किशोरचं वावर तेवढं सुटलं. त्या लोकांना किशोरच्या आईने दोन दिवस चहा पाजला होता. चहा आपला आणि रस्ता त्यांचा! मोबदल्याच्या पैशातून नत्थुजींच्या घराला स्लॅब पडला, लेकाने अमरावतीला फ्लॅट घेतला, नातवाला ही गेअरची सायकल आली. नातवाने दोन महिन्यांत मोटरसायकलचा हट्ट पुरा करून घेतला आणि सायकल आजोबांच्या वाट्याला आली. धोतर खोचून म्हातारा त्या जाड टायरांवर निघाला की अख्खं बसस्टँड हसायचं. किशोरला हसू येत नसे. त्याच्या पोटात दुखायचं.

त्याने बाजूचे दोन बोल्ट सैल केले, वरचा काढला, हँडल उचललं आणि चिमटा खाली ओढून घेतला. छर्‍यांच्या वाटीतलं ग्रीस काळं पडलं होतं आणि त्यात बारीक भुसकट होतं. त्याने बोट नाकाशी नेलं.

"काका, शेण कसं गेलं हो याच्यात?"

"गाय हाय ना घरी," नत्थुजी दुसरीकडे बघत म्हणाले. "पिशव्या लटकवतो दोन बाजूंनं. कॅरियर नाई तिले."

डोंगरावर चढायची सायकल, आणि हा तिच्यावरून शेण वाहतो! चणे मिळाले, पण दात कुठे आहेत, असं मनातल्या मनात म्हणत किशोरने वाट्या रॉकेलने धुतल्या, नवं ग्रीस भरलं, छर्रे बसवले. चिमटा वर चढवून वरचा बोल्ट हळूहळू कसला. टकटक थांबली. हँडल चाकाच्या रेषेत आणलं. आता हँडल चिमट्यावर घट्ट धरणारे बाजूचे दोन बोल्ट तेवढे कसायचे राहिले.

"पऱ्हाटी काय म्हणते तुही?" नत्थुजींनी विचारलं.

किशोरच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळं मिळालेला माणूस आपल्या उजाड वावराची चौकशी करतो म्हणजे काय? "काय म्हणन? अळीनं खाल्ली. तुमाले बरं हाय काका. रस्त्याले अळी लागत नाई."

"हो बाप्पा. रस्त्याले काहीच लागत नाई."

किल्ली बोल्टात होती आणि किशोरचा हात थांबला. हे दोन बोल्ट असेच राहिले तर? वरून काही दिसणार नाही. गावात सायकल नीट चालेल. नाल्याच्या उतारावर म्हातारा हँडल वळवेल आणि चाक मात्र सरळ जाईल. जाऊ दे की एकदा सरळ. कोण म्हणणार आहे की किशोरने केलं? विचार आला आणि त्याला गोड लागला, हे खोटं कशाला सांगायचं.

"शेण घेऊन जाता तरी कुठं रोज?" काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं.

नत्थुजी चोरी सापडलेल्या माणसासारखे म्हणाले, "तुह्या वावरात."

"माह्या?"

"धुऱ्याकडल्या तासाईत, पऱ्हाटीच्या बुडाशी टाकतो. तू इथं असतो, तुहा बाप खुशालराव दुपारी घरी असते. कोणाले दिसत नाई." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "उकिरडा वाढूनच राहिला, किशोर. लोकं इकत मागतात. पण इकलं तेवढं बस झालं. मले वावर कुठं हाय खत टाकाले?"

धुऱ्याकडची पऱ्हाटी यंदा बाकीपेक्षा हातभर उंच होती. तिकडे ओल जास्त धरते, असं वडील म्हणाले होते आणि किशोरने ते मान्य केलं होतं.

"तुहं वावर पाहतो," नत्थुजी म्हणाले, "अन् जळतो मी. खोटं नाई सांगत. अळी लागो का काही लागो, तुले सकाळी उठून जाले जागा तं हाय."

किशोरने मान वर केली नाही. दोन्ही बोल्ट त्याने कसले, आळीपाळीने, थोडं हे, थोडं ते. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल जोर लावून पिळून पाहिलं. हललं नाही.

"काका, आता पिशव्या लटकवू नका. पुन्हा ढिलं होते. उद्या मी बैलबंडी पाठवतो, सगळा उकिरडा एका खेपेत नेऊन टाकू."

"नको," नत्थुजी घाईने उठले आणि त्यांनी सायकल त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. "तुह्या बंडीनं गेलं तं थे तुही शेती झाली, माही नाई."