आखूड पल्ला

माझ्या थापा गावभर प्रसिद्ध आहेत, ही गोष्ट मात्र खरी. गोल्फमध्ये पहिला लांब फटका मारायची ड्रायव्हर नावाची काठी मी मापानं बनवून घ्यायला गेलो. कारागिरानं मनगट मोजलं, दहा फटके मारायला लावले आणि पडद्यावरचे आकडे पाहून म्हणाला, “काका, पल्ला वीस यार्डांनी वाढवून देतो.” “उलट साठांनी घटव,” मी म्हटलं. त्यानं पडदा निरखला, मग मला. “अर्धांगवायूतून उठून दादा पुन्हा खेळतोय,” मी सांगितलं. “हरला की खेळ सोडायच्या गोष्टी करतो. मी मुद्दाम हळू मारलं तर लगेच पकडतो. लबाडी काठीतच बसव.” रविवारी दादाचा चेंडू माझ्यापेक्षा वीतभर पुढे गेला. “म्हातारा झालास,” तो खुशीत म्हणाला. मग त्यानं माझी काठी हातात तोलली, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाला, “छान बसलीय. बदलू नकोस.”