तीन तास सात मिनिटं

आकाराम कांबळे यांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले, एकशेसाठ आणि शंभर, आणि ते थांबले. गुडघा ठणकत होता. चौकशी समितीनं त्यांना बसा म्हटलं नव्हतं.

कागद कारखान्याचा संगणक विभाग त्यांनी बत्तीस वर्षं सांभाळला होता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी जुना सर्व्हर बिघडला की गडमुडशिंगीला घरी त्यांनाच फोन यायचा. आज सर्व्हर ठीक होता. आज प्रयोगशाळेतल्या स्वप्नालीची नोकरी जाणार होती, आणि पाठोपाठ पोलीस येणार होते.

कारखान्याच्या नाल्यात काय सोडलं जातं, याच्या सहा वर्षांच्या खऱ्या नोंदी त्या सर्व्हरवर होत्या. सरकारला भलतेच आकडे जात. नाल्याखालच्या दोन गावांत पोरांच्या अंगावर फोड उठत होते, विहिरीत मासे मरून वर येत होते. मागच्या महिन्यात कुणीतरी त्या सगळ्या नोंदी कॉपी करून तपासणी पथकाकडे पोचवल्या. नाला बंद झाला आणि कारखान्यात घरभेदी शोधायला सुरुवात झाली.

सुरक्षा अधिकारी राजवीरनं शोधलाही. नोंदी शनिवारी नेटवर्कवरून गेल्या, एवढं सर्व्हर सांगत होता. कुठल्या मशीनवर आणि किती वाजता, ते सांगण्याइतका तो नवा नव्हता. पण त्या शनिवारी स्वप्नाली स्वतःचा लॅपटॉप कारखान्याच्या केबलला जोडून वीस मिनिटं बसलेली कॅमेऱ्यात दिसत होती. आईच्या दवाखान्याचे कागद छापत होते, असं ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. राजवीरच्या अहवालात गणितच होतं. नोंदी एकशेचाळीस जीबी, डिस्कचा वेग सेकंदाला एकशेसाठ एमबी, म्हणजे पंधरा मिनिटांत काम फत्ते.

समितीचे अध्यक्ष होते संचालक विजयसिंह. आवाज मोठा, बोलणं तोडून टाकणारं. दोन दिवस त्यांनी स्वप्नालीला उलटसुलट विचारून रडवलं होतं. बाकीचे दोन सभासद तिला कालच काढायला तयार होते. जुन्या माणसाला एकदा विचारून घेऊ, कागद कोर्टात टिकला पायजे, असं म्हणून विजयसिंहांनीच आकारामना बोलावलं होतं.

"रडगाणं नको," ते आताही म्हणाले. "आकड्यात दाखवा."

आकारामना थकवा आला. हेच ते तीस वर्षं सांगत आले होते, दर नव्या साहेबाला. त्यांनी पुन्हा खडू उचलला. डिस्कचा वेग बाइटमध्ये मोजतात, नेटवर्कचा बिटमध्ये. एका बाइटचे आठ बिट. म्हणजे डिस्कचे एकशेसाठ नेटवर्कच्या मापात बाराशेऐंशी होतात. आणि कारखान्याची लाइन शंभरची.

"टाकीचं तोंड केवढंबी असू द्या साहेब," ते म्हणाले. "पुढची पाइप अर्ध्या इंचाची हाय."

त्या पाइपमधून एकशेचाळीस जीबी जायला किती वेळ लागेल, ते त्यांनी फळ्यावर मांडलं. तीन तास सात मिनिटं. वीस मिनिटांत फार तर पंधरा जीबी गेले असते. पथकाकडे तर शेवटच्या दिवसापर्यंतच्या सगळ्या नोंदी पोचल्या होत्या.

राजवीरनं मोबाइलवर गुणाकार करून पाहिला, मग पुन्हा पाहिला. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला की मग त्या शनिवारी तीन तास केबलला कोण बसलं होतं, ते आता शोधायला हवं.

"समितीला प्रश्न एकच दिलाय," विजयसिंह म्हणाले. "हिनं केलं का? न्हाय. लिहा आणि सह्या करा."

सह्या झाल्या. स्वप्नाली आकारामच्या पाया पडायला वाकली, त्यांनी तिला मध्येच धरलं. आईला फोन कर, एवढंच ते म्हणाले. आनंद व्हावा इतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. एका चुकीच्या हिशेबानं पोरगी तुरुंगात गेली असती, हे राहून राहून मनात येत होतं.

फाटकाशी ते बसची वाट बघत उभे असताना विजयसिंहांची गाडी येऊन थांबली. ड्रायव्हर नव्हता. गडमुडशिंगीपर्यंत सोडतो म्हणाले. एरवी आकाराम नको म्हणाले असते, पण गुडघ्यानं हो म्हटलं.

दोन्ही बाजूंना ऊस होता, पुढं ट्रॅक्टर रखडत चालला होता. आकारामनी डोळे मिटून घेतले.

"आकाराम," विजयसिंह हळू आवाजात म्हणाले. इतक्या हळू बोलताना त्यांना आकारामनी कधी ऐकलं नव्हतं. "तुमचं गणित जरा चुकलं."

आकारामनी डोळे उघडले. मनातल्या मनात त्यांनी सगळी आकडेमोड पुन्हा केली. आठनं गुणलं, शंभरानं भागलं. चूक सापडेना.

"कुठं चुकलं, साहेब?"

विजयसिंहांनी ट्रॅक्टरला मागं टाकलं.

"मला सव्वाचार तास लागले."