काचेचं कपाट

सुभेदारांच्या नडगीतून निघालेला तोफगोळ्याचा तुकडा ग्रामपंचायतीने काचेच्या कपाटात ठेवला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सत्कारमूर्ती मात्र खुर्चीत सारखे चुळबुळत होते. लढाई संपून पंचवीस वर्षं झाली, तरी जखम वाहतच होती. आत्ताही पट्टी ओली झाली होती.

"आत अजून तुकडे आहेत," शेजारी बसलेले डॉक्टर म्हणाले.

सरपंच खूश झाले. "मग पुढचा हायस्कूलला देऊ की! वरची आळी लय रुसलीय."

"पुढचा नाही निघायचा. हाड सडलंय. पाय गुडघ्यापासून काढावा लागेल, नाहीतर माणूस जाईल."

टाळीसाठी उचललेले हात मांडवभर तसेच राहिले. सुभेदारांची चुळबुळ तेवढी थांबली. त्यांनी पायाकडे पाहिलं, मग कपाटाकडे.

"सरपंच," ते म्हणाले, "कपाट जरा उंच करून घ्या."