आईचं आडनाव

लिमात सगळे बापाच्या आडनावामागे आईचंही लावतात. अर्थशास्त्राचे प्राध्यापक रेंसो विलारान शोधनिबंधांवर तेवढं गाळायचे. "लांब नावाने दाखले चुकतात गं, आई," ते आईला सांगायचे. वामानी हे तिचं डोंगरातल्या आदिवासींचं आडनाव त्यांना नको होतं, हे तिला ठाऊक होतं.

फेरीवाल्यांवरच्या त्यांच्या निबंधाचा दाखला नऊशे जणांनी दिला होता. आज बाजारातून आईचा फोन आला.

"माझ्या काढ्याच्या गाडीवर नगरपालिकेने नोटीस चिकटवलीय. तुझ्या निबंधाचा दाखला देऊन गाडी हलवायला सांगितलंय म्हणे."

"साल बरोबर दिलंय का?"



"ते नोटीस वाचून दाखवणाऱ्या शेजारणीला विचारते. पण एकाच ओळीत निबंधाचं विलारानही आहे आणि गाडीवालीचं, माझं वामानीही. तुला जमलं नाही, ते त्यांनी केलं बघ."