रामेश्वरची कमांड

'आई' नावाची कमांडच नाही, असं स्क्रीनवर तिसऱ्यांदा आलं, तशी दीपमाला रडकुंडीला आली.

सात वाजून दहा मिनिटं झाली होती. चिकलठाण्याच्या ऑफिसातून सातला मेसेज गेला नाही, की तिकडं कन्नडजवळच्या वस्तीवर रामेश्वरच्या आईचा, म्हाळसाकाकूंचा जीव टांगणीला.

कमांड रामेश्वरनं केलेली. दिवसभराचा कोड गिट या प्रोग्रॅममध्ये साठवला की तो 'गिट आई' टाइप करायचा, आणि त्याच्या नावानं वडिलांच्या फोनवर मेसेज जायचा: काम झालं, जेवतो आता. दोन वर्षांपूर्वी तो अपघातात गेला. काकूंचं हृदय अधू. त्याच्या वडिलांनी, सोनाजीकाकांनी, काळजावर दगड ठेवून पोराला शहरातच अग्नी दिला आणि घरी सांगितलं, जर्मनीला गेलाय.

"तेवढा मेसेज बंद करू नको, पोरी," ते म्हणाले होते. त्याच्या जागेवर आलेली दीपमाला तेव्हापासून रोज त्याच्याच कॉम्प्युटरवर ती कमांड चालवत होती.

आज ऑफिसनं नवा कॉम्प्युटर दिला. प्रोजेक्टबरोबर कमांडही येईल असं ती धरून चालली. चुकलंच तिचं.

"अगं, त्यानं ती स्वतःच्या सेटिंगच्या फाईलीत लिहिली असणार," सिस्टम बघणारा सत्यम म्हणाला. "ती प्रोजेक्टबरोबर येत नसते."

"मग जुन्या मशीनवरून काढून दे ना!"

"दुपारीच फॉरमॅट केलं, सगळं पुसलं. मला काय माहीत, बाई?"

मेसेजचा पासवर्डही त्याच फाईलीत होता. तेवढ्यात फोन वाजला. सोनाजीकाका.

"पोरी, आज मेसेज नाय आला?"

"काकू काय म्हणतात?"

"बसलीय वाट बघत. लवकर कर, माय."

तिनं रडत रडत सगळं सांगितलं. कमांड गेली, आता परत यायची नाही. मग तिला एकदम सुचलं.

"काका, काकूंना कुठं वाचता येतं? मी माझ्या नंबरवरून पाठवते. फोन वाजला की रामेश्वरचा म्हणून वाचून दाखवा. रोज पाठवीन."



"वाचून कुणाला दाखवू, माय? ती मागल्या पोळ्यालाच गेली. त्याच्या नावानं आलेला मेसेज मलाच लागतो."