नायलॉनची चिंधी

चिंधी जशीच्या तशी होती. दुखणं जावं म्हणून ऐन थंडीत बांधलेली. आता मे लागला, पवित्र विहिरीवरचं हॉथॉर्नचं झाड पांढऱ्या फुलांनी गच्च भरलं, तरी नोरीनची गाठ आपली कालच मारल्यासारखी करकरीत. शेजारच्या फांद्यांवरच्या लोकांच्या चिंध्या कशा छान कुजल्या होत्या! कुणाचा रुमाल धाग्यांवर आला होता, कुणाच्या लोकरीवर शेवाळ चढलं होतं. त्यांची दुखणीही तशीच झिजत गेली असणार. नोरीनला हेवा वाटला.

उजवा गुडघा दाबत ती काठीवर रेलली. उद्या ओर्लाचं, तिच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न. आणि किलशाना गावात नोरीनशिवाय नाच कधी सुरूच झालेला नव्हता. नवऱ्याबरोबर मात्र ती कधी नाचली नाही. फिंटनला आयुष्यात डावं-उजवं कळलं नव्हतं. त्याला रांगेत घेतलं की सगळी रांग कोलमडायची. तो आपला कोपऱ्यात ग्लास धरून उभा राहायचा आणि बायकोचे पाय बघायचा.

"सगळं नीट केलं होतंस ना?" शेजारच्या डेलियाने विचारलं. विहिरीचे नियम तिला जपमाळेसारखे पाठ. "पाण्यात भिजवलीस? गुडघ्यावरून फिरवलीस?"

"हो गं बाई. सूर्य जातो त्या बाजूने फेऱ्यासुद्धा घातल्या. दात वाजत होते थंडीने."

"आणि दुखऱ्या जागेवरच्याच कपड्याची फाडलीस ना?"

"म्हणजे काय! लांब मोजा बरोब्बर गुडघ्यावर फाडला."

डेलिया हात पाठीमागे बांधून, चिंधीला न शिवता वाकली. "कसला मोजा?"

"चर्चला घालायचा. चांगला."

"नायलॉनचा?"

नोरीनने हळूच मान हलवली.

"अगं वेडे! चिंधी कुजेल तसं दुखणं जायचं. नायलॉन कुजतं का कधी? तू जाशील, मी जाईन, ओर्लाची नातवंडं म्हातारी होतील, आणि तुझा गुडघा इथे लटकलेलाच!"

दगडी गडग्यावर बसलेला फिंटन खो खो हसला. नोरीनला एकटीला चढ झेपत नव्हता म्हणून तो आला होता, एरवी तो या झाडापुढे टोपीही काढत नसे. "झाडाला सुती आणि नायलॉन कळतं, आणि माझ्या बायकोला कळत नाही! काढ ती आणि दुसरी बांध, झालं."

दोघी बायका त्याच्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही तो फादरच्या तोंडावर शिवी हासडून बसला होता.

"काढतात होय?" डेलिया म्हणाली. "बांधणारीनं काढली तर दुखणं दुप्पट होऊन परत येतं. दुसऱ्यानं काढली तर त्याला चिकटतं. गावातल्या टर्लोच्या बापानं खेळ म्हणून कुणाच्या दाढदुखीची लाल चिंधी ओढली, जन्मभर गाल धरून बसला. विहिरीला जिचं नाव आहे ती संत आली नंतर, फिंटन. झाड तिच्या आधीचं आहे."

नोरीन मटकन दगडावर बसली. तिचे डोळे भरून आले. "उद्या मी खुर्चीत बसणार. सगळे नाचायला उठणार आणि जाता जाता माझ्या मांडीवर आपापले कोट टाकणार. मला ठाऊक आहे ना, बसलेल्या म्हाताऱ्यांच्या मांडीवर मीच टाकत आले."

फिंटनचं हसू थांबलं. तो थोडा वेळ बायकोकडे बघत राहिला. मग गडग्यावरून उतरला, खिशातून तंबाखू कापायचा चाकू काढला आणि सरळ झाडाशी गेला.

"फिंटन! अरे नको! मेल्या, हात लावू नकोस!"

नोरीन ओरडत धावली. तिचा हात त्याच्या बाहीला लागेपर्यंत चिंधी कापली गेली होती. त्याने ती खिशात कोंबली. त्याच्या टोपीवर थोडी पांढरी फुलं सांडली.

"झालं," तो म्हणाला. "चला, घरी केक वाट बघतोय."

डेलियाने छातीवर क्रूसाची खूण केली. मग तिचं तोंड उघडंच राहिलं. "नोरीन, काठी कुठाय तुझी?"

काठी दगडापाशी पडली होती. नोरीनने पाय हळूच दुमडून पाहिला. ठणका होता की नव्हता, धडधडत्या छातीत तिला काही कळेना. तिने काठी उचलली, पण टेकवली नाही.

ते उतरायला लागले. फाटकाशी पोचायच्या आत पुढे चाललेला फिंटन कळवळला. "आई गं!" तो लंगडायला लागला. एकेक पाऊल ओढत, कण्हत.

"बघ! चिकटलं!" डेलिया घाबरली होती, पण तिचा आवाज तृप्त होता. ती मागेच थांबून त्याच्यासाठी प्रार्थना पुटपुटू लागली.

नोरीनने नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं. मग जरा नीट पाहिलं. मग तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.

झपझप चालत तिने त्याला गाठलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "उजवा."

"अं?"

"माझा उजवा दुखायचा."

फिंटन थांबला. त्याने आपल्या दोन्ही बुटांकडे आळीपाळीने, बराच विचार करून पाहिलं. मग निमूटपणे दुसऱ्या पायाने लंगडायला लागला.

नोरीनने आपली काठी त्याच्या हातात दिली.

"घे. आणि उद्या कोट तू सांभाळायचेस."