पट्ट्याला हात

"ही टोपी बाबांची नाहीच," लेक आईच्या कानाशी पुटपुटली. "बाबांची घामानं काळी पडली होती. ही बघ, आतला पुठ्ठासुद्धा काढला नाही मेल्यांनी."

"हळू बोल," आई म्हणाली.

क्लबच्या खोलीत चाळीसेक माणसं लोखंडी खुर्च्यांवर अवघडून बसली होती. पुढच्या टेबलावर मास्तरांचा फोटो, फोटोसमोर ती कोरी टोपी. शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली नवी पाटी. आजपासून मैदानाला मास्तरांचं नाव लागणार होतं. चौतीस वर्षं त्यांनी या मैदानावर वस्तीतल्या पोरापोरींना बेसबॉल शिकवला. गेल्या वर्षी क्लबनं त्यांना एका ओळीचं पत्र देऊन घरी बसवलं. 'वयोमानानुसार विश्रांती घ्यावी.' आठ महिन्यांनी मास्तर गेले.

ते पत्र लेकीच्या पर्समध्ये होतं. आज ती ते सगळ्यांसमोर वाचणार होती आणि पाटी लागू देणार नव्हती.

गेलेल्या माणसाबद्दल बोलताना सगळ्यांच्याच जिभेला साखर लागते. संघाचे गणवेश शिवणारा शिंपी म्हणाला, मास्तर उभ्या आयुष्यात कुणावर ओरडले नाहीत. "तुझ्यावर ओरडले की," लेक पुटपुटली, "चेंडू अंगावर येत होता आणि तू शर्टाची शिवण बघत होतास." आईनं तिचा हात दाबला.

मग बसचालक उठला. तो मास्तरांच्या पहिल्या संघातला. "मास्तर तिसऱ्या बेसपाशी उभे राहून आम्हाला खुणा करायचे, पळ की थांब. टोपी, कान, नाक, कोपर. समोरच्या संघाला वाटायचं, केवढा मोठा डाव शिजतोय. पण पट्ट्याला हात लागेपर्यंत सगळं खोटं. पट्ट्याला हात लागला, की त्यापुढची खूण तेवढी खरी."

लोक हसले. दोघातिघांचे हात आपसूक कमरेकडे गेले.

शेवटी अध्यक्ष बोलायला आला. धंद्यानं प्लंबर. लेकीच्याच वयाचा, तिच्याच संघातला. त्याच्या मागे कधी चेंडू जायचा नाही, म्हणून मास्तरांनी त्याचं नाव भिंत ठेवलं होतं. "गेल्या वर्षी मास्तर थांबले," भिंत खाली बघत म्हणाला, "तेव्हापासून हे मैदान..."

"थांबले नाहीत," लेक उभी राहिली. "थांबवले. तू थांबवलंस."

तिनं पत्र वाचलं. एकच ओळ ती, वाचायला श्वासही लागत नाही. तिनं ती दोनदा वाचली.

"खाली सही कुणाची आहे, ती पण वाचू? याला चेंडू झेलायला कुणी शिकवलं? बाप नव्हता घरी, तेव्हा शाळेच्या फॉर्मवर सही कुणी केली? आणि आता त्याच हातानं सही करून त्यांना घरी बसवलं. वर टोपी आणताय, तीही दुकानातली."

भिंतीनं टोपीतला पुठ्ठा काढून खिशात घातला.

"शेवटचे आठ महिने माझा बाप खिडकीत बसून होता. रस्त्यानं जाणाऱ्या माणसांना खुणा करायचा. कान, नाक, कोपर. कारण त्याच्याकडे बघणारं दुसरं कुणी तुम्ही ठेवलंच नव्हतं. मी महिन्यातून एकदा यायचे, दर वेळी माणूस आणखी विझलेला दिसायचा. आणि आईची काय दशा झाली, ठाऊक आहे? घरभर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. गॅस बंद कर. चप्पल घाल. या दारानं जाऊ नको. त्यांच्या काळजीनं तिचंही डोकं ठिकाणावर राहिलं नाही."

लेक दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. माणसाच्या आत काय मोडलंय ते बघायचा तिचा रोजचा धंदा.

"चुकलं आमचं," भिंत म्हणाला.

"काय चुकलं? ते बोल ना. का काढलंत त्यांना?"

भिंतीनं मास्तरांच्या बायकोकडे बघितलं आणि मान खाली घातली. शिंपी आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. बसचालकानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. खोलीतल्या चाळीस माणसांनी एकदम मिठाची गुळणी धरली, आणि त्या गप्प बसण्यानंच लेकीचं डोकं फिरलं. ती पुढे गेली. तिनं पाटी दोन्ही हातांनी उचलली.

"ही मी घेऊन जाते. तुमच्या मैदानाला तुमचंच नाव द्या."

तेव्हा आई उठली.

तिनं चष्मा नीट केला. कानामागे केस सारले. नाक पुसलं. लेकीला वाटलं, आई रडतेय. ती आणखीच पेटली. "बघा, हे केलंत तुम्ही."

आईनं तिच्याकडे बघितलं. मग सगळ्यांना दिसेल असा सावकाश हात कमरेवर नेला. जिथं पट्टा असतो, बरोबर तिथं.

बसचालक ताठ बसला.

"काकू, नको," भिंत म्हणाला. "तुम्ही त्यांना शब्द दिलाय. राहू दे माझ्यावर."

लेकीच्या हातातली पाटी हळूहळू खाली आली.

"पत्र मीच लिहून घेतलं क्लबकडून," आई म्हणाली. "बाबा सगळं विसरायला लागले होते. तुला कळू द्यायचं नाही, तेवढं एक मात्र शेवटपर्यंत विसरले नाहीत."